हाड सहा आठवड्यांत जुळतं, पुढचं कोण बघतं?



आज जुन्या पनवेलचे वाडे नाहीत, तळी नाहीत, बंदरही नाही. आज घोट्यावर लिहायचंय. पायाच्या घोट्यावर. पोस्ट लांब आहे, पण वाचा. विषय आपल्या पोरांचा आहे.

आमच्या शेजारचा एक मुलगा. वय सतरा. नाव सांगत नाही. यंदा उन्हाळ्यात टर्फवर खेळताना समोरच्याचा पाय आडवा आला, याचा बूट जमिनीत रुतला आणि अंग वळलं. 'काड्' असा आवाज बाहेर बसलेल्यांनाही ऐकू आला. मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. एक म्हणाला, मुरगळलाय, ओढून बसवू. दुसरा म्हणाला, बर्फ आणा. तिसऱ्याने ओळखीच्या हाडवैद्याचा नंबर काढला. शेवटी कुणीतरी शहाण्याने रिक्षात घातलं आणि एक्स-रे काढला. घोटा मोडला होता. प्लेट आणि स्क्रू घालून ऑपरेशन झालं, तेही चांगलं झालं. डॉक्टरांबद्दल काही तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं. कागदावर शेवटी एकच शब्द होता : 'फिजिओथेरपी'. वडील कळंबोलीच्या लोखंड बाजारात टेम्पो चालवतात. दोन सिटिंग झाल्या, तिसरीला पैसे नव्हते. पोरगं घरी बसलं.

एका संध्याकाळी मला म्हणाला, "काका, मॅराडोनाचाही घोटा असाच मोडला होता ना? तो किती दिवसांनी परत खेळला?"

मी म्हटलं, "एकशे सहा."

त्याने बोटांवर मोजलं. "मग माझे एकशे दहा झाले. मला नीट जिनाही उतरता येत नाही. माझं काय चुकलं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून ही पोस्ट.

ते एकशे सहा दिवस

२४ सप्टेंबर १९८३. बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ मैदान, समोर अॅथलेटिक बिल्बाओचा संघ. बार्सिलोनाने सामना ४-० असा जिंकला, पण स्कोअर आज कुणाच्या लक्षात नाही. लक्षात आहे ती अँडोनी गोइकोएत्शेया या बचावपटूची मागून आलेली लाथ. दिएगो मॅराडोनाचा डावा घोटा मोडला, लिगामेंट फाटली. वय फक्त २२. याच गोइकोएत्शेयाने त्याआधी १९८१ साली बार्सिलोनाच्याच बर्न्ड शुस्टरचा गुडघा जायबंदी केला होता. इंग्रजी पत्रकारांनी त्याला 'बिल्बाओचा खाटीक' म्हटलं. ज्या बुटाने ती लाथ मारली तो त्याने घरी काचेच्या पेटीत जपून ठेवला, असं सांगतात.

ऑपरेशन लगेच झालं. डॉक्टर होते बार्सिलोनाचे गोन्झालेझ अद्रिओ. त्यापुढचा भाग आपल्या कामाचा आहे. मॅराडोना आपल्या देशात गेला आणि रुबेन दारिओ ऑलिवा या डॉक्टरांच्या हाताखाली त्याने घोटा परत चालता केला. ऑलिवांचा भर पाय लवकर हलवण्यावर होता. रोज कुणीतरी त्याचा पाय हातात घेत होतं, आज किती वाकला ते बघत होतं, उद्या किती वाकवायचा ते ठरवत होतं. ८ जानेवारी १९८४ ला तो सेव्हिलाविरुद्ध मैदानात उतरला आणि दोन गोल केले. मोजून १०६ दिवस.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ५ मे १९८४ ला स्पेनच्या राजासमोर कप फायनलनंतर त्याच बिल्बाओशी तुंबळ हाणामारी झाली. ५ जुलैला नापोलीच्या मैदानावर त्याचं स्वागत झालं. २२ जून १९८६ ला मेक्सिकोत, इंग्लंडविरुद्ध, अर्ध्या मैदानावरून एकेकाला मागे टाकत केलेला तो गोल. आमच्या पिढीने तो दूरदर्शनच्या कृपेने पाहिला आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत चिखलात घसरत त्याची नक्कल केली. तो गोल डाव्या पायाने झाला होता. मोडलेल्या पायाने.

पण गोष्ट इथेच थांबवली तर ती अर्धवट राहते. १९९० च्या वर्ल्डकपमध्ये त्याच डाव्या घोट्याचे फोटो जगाने पाहिले, टरारून सुजलेला. वेदनाशामक इंजेक्शनं घेत तो खेळत राहिला. परत येणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मॅराडोनाचाच घोटा सांगतो. आपण फक्त १०६ चा आकडा पाठ केला.

घोट्यात असतं काय

स्वतःच्या घोट्याला हात लावा. आत एक उंचवटा, बाहेर एक. आतला नडगीच्या हाडाचा, बाहेरचा नडगीशेजारच्या बारीक हाडाचा. या दोघांच्या चिमट्यात खालचं हाड बसवलेलं असतं, सुताराने खाचेत चूल बसवावी तसं. वर दोन्ही हाडांना बांधून ठेवणारी लिगामेंट असतात. बाहेरचं हाड त्या बांधणीच्या खाली मोडलं, बरोबर तिथे मोडलं की वर मोडलं, यावरून डॉक्टर अ, ब, क असे प्रकार पाडतात. डानिस आणि वेबर या दोघांच्या नावाने ती वर्गवारी जगभर चालते. वर मोडलं तर बांधणीच सुटलेली असण्याचा धोका जास्त.

आता एक आकडा लक्षात ठेवा. १९७६ साली रॅम्सी आणि हॅमिल्टन या दोन डॉक्टरांनी मोजून दाखवलं, की खालचं हाड फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकलं तर सांध्यातल्या पृष्ठभागांचा एकमेकांशी असलेला संपर्क ४२ टक्क्यांनी कमी होतो. एक मिलिमीटर! सगळा भार मग उरलेल्या जागेवर. म्हणून 'ओढून बसवू' म्हणणाऱ्याचा हात कितीही सराईत असला तरी घोट्याच्या बाबतीत तो धरायचा नाही. मिलिमीटर बोटांना कळत नाही, एक्स-रेला कळतो. आणि एक्स-रे जगात आला तोच मुळी १८९५ साली.

पनवेलचा आणि हाडांचा जुना संबंध

मी हाडवैद्यांची टिंगल करत नाहीये. पनवेलकराने तर करूच नये. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी आपल्या याच गावात श्री धूतपापेश्वरची सुरुवात केली. देशातल्या सगळ्यात जुन्या आयुर्वेदिक औषध कारखान्यांपैकी हा एक. कोकणातल्या राजापूरजवळच्या शंकराचं नाव घेऊन सुरू झालेला हा कारखाना पनवेलची ओळख बनला.

त्या परंपरेच्या मुळाशी सुश्रुत आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांवर अख्खा अध्याय आहे. सांधा निखळण्याचे ६ प्रकार, हाड मोडण्याचे १२. उपचार पायरीपायरीने : आधी ओढून लांब करायचं, मग दाबून जागेवर आणायचं, टोकाला टोक जुळवायचं, मग बांधायचं. बांधायला बांबूच्या, वडाच्या, पिंपळाच्या, पळसाच्या पट्ट्या. पट्टी थंडीत सात दिवसांनी बदलायची, उन्हाळ्यात तीन दिवसांनी. तरुणाचा सांधा महिन्यात घट्ट होतो, मध्यम वयात दुप्पट वेळ, म्हातारपणी तिप्पट. पाय मोडलेल्या माणसाला दाराच्या फळीवर झोपवायचं आणि पाय हलू नये म्हणून खुंट्या ठोकायच्या. त्याला नाव आहे कपाटशयन. कपाट म्हणजे दाराची फळी.

आता गंमत बघा. जानेवारी १७५६ मध्ये लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाचा सर्जन घोड्यावरून पडला. पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. हा स्वतः सर्जन, त्याला माहीत होतं की धक्के देत नेलं तर पाय कापावा लागेल. त्याने थंडीत रस्त्यावर पडल्यापडल्या एक दार विकत घेतलं, पालखीवाल्यांना बोलावलं, दाराला दांडे ठोकून घेतले आणि त्यावर आडवा होऊन घरी गेला. पाय कापायची हत्यारं मांडून झाली होती. तेवढ्यात त्याचे जुने गुरू आले, म्हणाले, वाचतोय का बघू. पाय वाचला. पुढे १७६९ साली त्याने मोडलेल्या हाडांवर पुस्तक लिहिलं आणि घोट्याच्या एका फ्रॅक्चरला जगभर त्याचंच नाव पडलं. सुश्रुताची दाराची फळी आणि पॉटचं दार! दोघांनी एकमेकांना वाचलेलं नव्हतं. मोडलेला पाय हलू द्यायचा नाही, एवढं दोघांनाही कळलं होतं.

पुढे १८५२ साली मातेइसन या डच लष्करी डॉक्टराने प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लोकांपुढे मांडली. शंभर वर्षं जगाने पाय प्लास्टरमध्ये कोंडून ठेवला. हाड जुळायचं, पण सांधा लाकडासारखा व्हायचा, पोटरी वाळून जायची. १९५८ साली स्वित्झर्लंडमधले काही सर्जन एकत्र आले आणि म्हणाले, हाड प्लेट-स्क्रूने इतकं पक्कं बसवू की सांधा लवकर हलवता येईल. आज आपल्याकडे जी प्लेट घालतात ती याच विचारातून आली. म्हणजे प्लेटचा हेतूच मुळी लवकर हालचाल हा आहे. प्लेट घातली आणि पाय महिनोन्महिने हलवलाच नाही, तर आपण अर्ध्या उपचाराचे पैसे दिले.

आणि सुश्रुताला हेही माहीत होतं. त्याच अध्यायात तळहाताच्या मोडलेल्या हाडांबद्दल लिहिताना तो सांगतो : बरं झाल्यावर आधी हातात मातीचा गोळा धरायला द्या, मग मिठाचा खडा आणि हातात बळ आलं की दगड. माती, मीठ, दगड. मऊ, मग कठीण, मग जड. ही फिजिओथेरपीच आहे! आपण बांबूच्या पट्ट्या आणि लेप लक्षात ठेवले, गोळा विसरलो.

आजचे खेळाडू

२३ फेब्रुवारी २००८ ला आर्सेनलच्या एदुआर्दोचा घोटा निखळून हाड बाहेर आलं. तो परतला १६ फेब्रुवारी २००९ ला, कार्डिफविरुद्ध, दोन गोल करून. जवळपास एक वर्ष. ३ नोव्हेंबर २०१९ ला एव्हर्टनच्या आंद्रे गोमेशचा घोटा मोडला, तो ११२ दिवसांनी परतला. १२ सप्टेंबर २०२१ ला लिव्हरपूलच्या हार्वी एलियटचा. तेव्हा तो १८ वर्षांचा, म्हणजे आमच्या शेजारच्या पोरापेक्षा एका वर्षाने मोठा. तो १४७ दिवसांनी परतला आणि त्याच सामन्यात गोल केला. घोटा तोच, खेळ तोच आणि दिवस किती वेगवेगळे. दुसऱ्याचा आकडा आपल्या पायाला लावायचा नाही, हे त्या पोराच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर.

एलियटची एक गोष्ट मला फार आवडते. मैदानावरून त्याला लीड्सच्या सरकारी इस्पितळात नेलं. शेजारच्या खाटेवर फुटबॉल खेळताना हात मोडलेला एक शाळकरी मुलगा होता. एलियटने त्याला आपला शर्ट आणि बूट दिला. बातमी शर्टाची झाली. मला मात्र त्या दोन खाटा दिसतात. कोट्यवधींचा खेळाडू आणि शाळेतलं पोर, एकाच सरकारी वॉर्डात. घरी गेल्यावर दोघांचे रस्ते वेगळे झाले असणार हे खरं. पण सुरुवात एका रांगेतून झाली.

आपल्याकडे कोण बघत होतं?

मुंबईचं फुटबॉल जुनं आहे. रोव्हर्स कप १८९१ चा. नंतर कितीतरी वर्षं इथला खेळाडू म्हणजे नोकरदार माणूस होता : रेल्वे, एअर इंडिया, टाटा, महिंद्र, आरसीएफ, बँका. शनिवारी कूपरेजवर सामना, सोमवारी ऑफिसात सही. या पद्धतीची आपण खूप चेष्टा केली, सरकारी फुटबॉल म्हणून. पण तिच्यात एक गोष्ट होती. रेल्वेच्या खेळाडूचा पाय मोडला तर भायखळ्याचं किंवा मुंबई सेंट्रलचं रेल्वेचं इस्पितळ त्याचं होतं, महिनाअखेरीस पगार होता आणि पाय कायमचा गेला तरी टेबल-खुर्ची शिल्लक होती.

मग व्यावसायिक फुटबॉल आलं. यायलाच हवं होतं. पण महिंद्र युनायटेड, १९६२ साली सुरू झालेला आणि २००५-०६ चा राष्ट्रीय लीग विजेता संघ, २०१० साली बंद झाला. पुणे एफसी गेला, २०१७ मध्ये डीएसके शिवाजीयन्स गेला, मुंबई एफसी गेला. ११ जुलै २०२५ ला आयएसएलचा अख्खा हंगामच स्थगित झाल्याचं कळवलं गेलं आणि काही क्लबांनी पगार थांबवले. अशा वेळी जो खेळाडू प्लास्टरमध्ये असेल त्याने कुणाकडे बघायचं? क्लबच नसेल तर क्लबचा फिजिओ कुठून येणार?

भारतीय संघाचे प्रशिक्षक झालेले खालिद जमील महिंद्र, एअर इंडिया, मुंबई एफसी याच वाटेने आले. खेळाडू म्हणून त्यांची वर्षं दुखापतींनी खाल्ली, पण क्लबने त्यांना प्रशिक्षक म्हणून उभं केलं आणि २०१७ मध्ये त्यांनी ऐझॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली. पायाने दगा दिला तरी माणूस वाया जात नाही. पण त्यासाठी पाठीशी कुणीतरी असावं लागतं.

आता आपलं पनवेल

१५ सप्टेंबर २०१७ ला राज्य सरकारने 'मिशन वन मिलियन' केलं. दहा लाख मुलांच्या पायाला फुटबॉल लावायचा. पुढच्याच महिन्यात शेजारी नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपची सेमीफायनल झाली. स्पेनने मालीला हरवलं. २०२२ मध्ये मुलींच्या वर्ल्डकपची फायनलही तिथेच. आपल्या महापालिकेच्या हद्दीत खारघरला सिडकोने फुटबॉलचं सेंटर ऑफ एक्सलन्स बांधलं. नवीन पनवेल, कामोठे, खांदा कॉलनी, जिकडे बघावं तिकडे जाळी लावलेली टर्फ. रात्री बारापर्यंत दिवे. चांगलं आहे, पोरं मोबाइल सोडून पळतायत.

पण चेंडू वाटले, मैदानं बांधली, दिवे लावले, तसा पाय मोडल्यावरचा रस्ता कुणी बांधला का? महात्मा जोतिबा फुले योजनेसारख्या योजना गरिबाला मोठा आधार आहेत, हे कबूल. पण त्यांचा सगळा आराखडा भरती आणि ऑपरेशन यांच्याभोवती आहे. घरी गेल्यानंतरचे चार महिने, जिथे खेळाडू घडतो किंवा लंगडतो, ते घरच्यांच्या खिशावर.

मी डॉक्टर नाही, नेता नाही. इतिहास वाचणारा माणूस आहे. त्यामुळे मोठ्या मागण्या करत नाही. तीनच सांगतो :

१. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांपैकी निदान एका ठिकाणी आठवड्यातून दोन संध्याकाळी फिजिओथेरपिस्ट बसावा, फी नाममात्र. खेळाडूच नाही, हायवेवर पडलेले कामगार आणि पाय घसरलेल्या आज्याही येतील.

२. टर्फचा परवाना देताना स्प्लिंट, बर्फ आणि प्रथमोपचार शिकलेला एक माणूस सक्तीचा करावा. पाय ओढायचा नाही, आहे त्या स्थितीत आधार द्यायचा आणि १०८ ला फोन, हे भिंतीवर मराठीत लिहावं.

३. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी करंडकाची उंची फूटभर कमी करावी आणि त्या पैशांत खेळाडूंचा अपघात विमा काढावा.

तिसरी गोष्ट तर कुणाच्या परवानगीशिवाय येत्या हंगामात होऊ शकते. आपली मंडळं दहीहंडीला गोविंदांचा विमा काढतात, मग फुटबॉलला का नको?

त्या पोराला मी नंतर उत्तर दिलं. म्हटलं, तुझं काही चुकलं नाही. मॅराडोनाकडे १०६ दिवस होते आणि प्रत्येक दिवशी कुणीतरी पाय बघणारं होतं. तुझ्याकडे ११० दिवस होते आणि दोनच दिवस कुणी बघितलं. म्हणजे तुझा अजून दुसराच दिवस चालू आहे.

मग चार जणांनी मिळून त्याच्या सिटिंगची सोय केली. फिजिओ ताईंनी पहिल्या दिवशी बॉल काढून घेतला आणि दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगितलं. पहिल्यांदा चार सेकंद. काल भेटला तेव्हा म्हणाला, "काका, पूर्ण दात घासून होतात आता."

मी म्हटलं, "मातीचा गोळा झाला. आता मीठ."

त्याला काही कळलं नाही. ही पोस्ट वाचेल तेव्हा कळेल.

तुमच्या भागात कुणी फिजिओथेरपिस्ट आठवड्यातला एक तास द्यायला तयार असेल तर मला जरूर कळवा. आणि टर्फ चालवणाऱ्या मित्रांना ही पोस्ट पाठवा, रागावले तरी चालतील.